अनोळखी नंबरवरून येणारे फोन: मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न गोरेगावातल्या आमच्या सोसायटीत आणि ओळखीच्या घरांमधून लोक मला विचारत आले आहेत. कुणाला दिवसभर कर्ज देऊ करणाऱ्यांचा त्रास, तर कुणाच्या आईला ‘पोलिसांचा’ फोन आलेला. त्रास वेगळा आणि फसवणूक वेगळी, पण दोन्हींची सुरुवात सारखीच होते. फोन वाजतो आणि पलीकडचा माणूस आपल्याला घाई करतो. म्हणून खालच्या बऱ्याच उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: आलेल्या फोनच्या भरवशावर काहीही करायचं नाही. करायचंच असेल तर तो फोन ठेवायचा, नंबर आपण शोधायचा आणि फोन आपण लावायचा.

अनोळखी नंबर उचलायचाच नाही, असं ठरवलं तर?

मुंबईत हे जमत नाही. पार्सलवाला खाली गेटवर उभा असतो, गॅस सिलिंडरवाला येऊन परत जातो, शाळेच्या बसचा बदली ड्रायव्हर फोन करतो, पॅथॉलॉजी लॅबचा माणूस पत्ता विचारतो. हे सगळे नंबर अनोळखीच असतात. टॅक्सी आणि डिलिव्हरीच्या अ‍ॅपवरून येणारे फोन तर मुद्दामच दुसऱ्या नंबरवरून जोडलेले असतात.

तेव्हा उचला, पण आपलं नाव आपणहून सांगू नका. ‘हॅलो, कोण बोलतंय? कशाबद्दल?’ एवढंच विचारा. खऱ्या कामाचा माणूस एका वाक्यात काम सांगतो. ‘सर, दोन मिनिटं वेळ आहे का?’ किंवा ‘तुमचं पूर्ण नाव कन्फर्म करा’ अशी सुरुवात झाली, तर पुढे ऐकण्यासारखं बहुधा काही नसतं. मीटिंगमध्ये असाल किंवा गर्दीच्या लोकलमध्ये दाराशी उभे असाल, तर सरळ कट करा आणि ‘कृपया मेसेज करा’ हा तयार मेसेज पाठवा. ज्याला खरोखर काम असतं तो मेसेज करतो.

ज्यांना असे फोन सहसा येत नाहीत, त्यांनी, विशेषतः वयस्कर मंडळींनी, फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अनोळखी नंबरची रिंग बंद करून ठेवली तरी चालेल. कॉल यादीत दिसतो, वाजत मात्र नाही.

बोलता बोलता फोन ठेवणं बरं दिसत नाही. समोरचा इतक्या नम्रपणे बोलत असतो!

या एका संकोचाने लोकांचे जितके पैसे घालवलेत, तितके तंत्रज्ञानाच्या अज्ञानाने घालवले नसतील, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे दारात आलेल्याला पाणी विचारायची सवय आहे आणि ती चांगलीच आहे. पण फोनवरचा अनोळखी माणूस आपला पाहुणा नाही. त्याच्या प्रश्नाला उत्तर देणं आपल्यावर बंधनकारक नाही, कारण सांगणंही नाही. ‘नको, धन्यवाद’ म्हणून फोन ठेवला तर तो उद्धटपणा होत नाही.

कारण दिलंत की संभाषण लांबतं. ‘आत्ता वेळ नाही’ म्हणालात तर संध्याकाळी परत फोन येतो. ‘माझ्याकडे आधीच क्रेडिट कार्ड आहे’ म्हणालात तर कुठल्या बँकेचं, लिमिट किती, असे पुढचे प्रश्न येतात. ‘नवऱ्याला विचारून सांगते’ म्हटलं तर नवऱ्याचा नंबर मागतात. म्हणून एकच वाक्य: ‘मला नको आहे, हा नंबर यादीतून काढा.’ मग फोन बंद.

पलीकडचा मुलगा किंवा मुलगी मालाड नाहीतर ठाण्याच्या एखाद्या कॉल सेंटरमध्ये पोटासाठीच बसलेली असते, हे खरं आहे. त्यांच्यावर ओरडू नका. त्यांनाही पुढचा फोन लावायचा असतो, लवकर नकार मिळाला तर त्यांचाही वेळ वाचतो.

डीएनडी लावून वर्षं झाली, तरी फोन थांबत नाहीत. मग त्याचा उपयोग काय?

उपयोग आहे, पण अर्धाच. तो अर्धा कोणता, हे कळलं की चिडचिड कमी होते. डीएनडी (‘डू नॉट डिस्टर्ब’) म्हणजे ट्रायच्या, दूरसंचार क्षेत्राच्या सरकारी नियामकाच्या, नियमांखाली चालणारी पसंतीची नोंदवही. सध्याचे मूळ नियम २०१८ चे आहेत आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते आणखी कडक झाले. या नोंदवहीने थांबतात ते रीतसर नोंदणी केलेल्या टेलिमार्केटिंग कंपन्यांचे जाहिरातीचे कॉल आणि मेसेज. बँकेच्या व्यवहाराचे मेसेज, ओटीपी, विमान रद्द झाल्याची सूचना हे डीएनडी असलं तरी येतं, आणि ते यायलाच हवं.

न थांबणारे फोन येतात ते साध्या दहा आकडी मोबाइलवरून. एखाद्या इस्टेट एजंटने किंवा कर्जाच्या दलालाने सिमकार्डं घ्यायची, चार मुलं बसवायची आणि यादी बघून फोन लावत सुटायचं. तो नोंदणीच करत नाही, त्यामुळे नोंदवही बघण्याचा प्रश्नच येत नाही. त्याला थांबवते फक्त तक्रार.

डीएनडी लावण्यासाठी १९०९ वर फोन करा किंवा मेसेज पाठवा. मेसेजमध्ये इंग्रजीत ‘स्टार्ट’ लिहून एक जागा सोडून शून्याचा आकडा टाकला, की सगळे जाहिरातीचे प्रकार बंद होतात. सगळे नको असतील तर बँकिंग आणि विमा, घर-जागा, शिक्षण, आरोग्य, पर्यटन असे विभाग निवडून तेवढेच बंद करता येतात. तुमच्या मोबाइल कंपनीच्या अ‍ॅपमध्येही ही सोय असते.

तक्रार करून खरंच काही होतं का?

होतं, पण एका तक्रारीने नाही, अनेकांच्या मिळून होतं. म्हणूनच प्रत्येकाने करायला हवी. २०२५ च्या बदलांनंतर एखाद्या नोंदणी नसलेल्या नंबरविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या, की मोबाइल कंपनीला त्याच्यावर कारवाई सुरू करावी लागते. पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी लागायच्या. तक्रार करायला आता तीनऐवजी सात दिवस मिळतात, आणि कंपनीने पाच दिवसांत कारवाई करणं अपेक्षित आहे. पूर्वी ही मुदत तीस दिवसांची होती.

आणखी एक बदल फार लोकांना माहीत नाही: नोंदणी नसलेल्या नंबरविरुद्ध तक्रार करायला तुम्ही स्वतः डीएनडीमध्ये असण्याची गरज उरलेली नाही.

ट्रायचं डीएनडी अ‍ॅप यासाठी सगळ्यांत सोपं. कॉलच्या यादीतून नंबर निवडायचा, तो काय म्हणाला ते एका ओळीत लिहायचं. ‘पनवेलच्या प्लॉटची जाहिरात’ एवढं पुरतं. अ‍ॅप नको असेल तर १९०९ आहेच, तिथे कॉल आलेला नंबर, तारीख आणि विषय सांगायचा. मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवा.

सोसायटीतल्या अनेकांना एकाच बिल्डरच्या माणसाचे फोन येत असतील, तर सगळ्यांनी एकाच आठवड्यात तक्रार केलेली उत्तम. ग्रुपवर ‘मलाही आला’ असं लिहून थांबू नका.

१४० आणि १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांत फरक काय?

१४० म्हणजे नोंदणीकृत जाहिरातीचा फोन. १६०० ही मालिका बँका, विमा कंपन्या, सरकारी कार्यालयं यांच्या सेवेच्या फोनसाठी आहे. जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनेही बँकांना हीच विभागणी पाळायला सांगितलं. म्हणजे एखाद्या साध्या मोबाइलवरून ‘मी तुमच्या बँकेच्या मुख्य शाखेतून बोलतोय’ असा फोन आला, तर संशयाला पहिलं कारण तिथेच मिळतं. आणि फोन १६०० वरून आला, तरी ओटीपी, पिन आणि कार्डामागचे तीन आकडे सांगायचे नाहीतच.

मेसेजचंही असंच आहे. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता पी, एस, टी, जी यांपैकी एक इंग्रजी अक्षर दिसतं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी.

फोन उचलला की पलीकडे कुणी बोलतच नाही. कुणी पाळत ठेवतंय का?

बहुतेक वेळा नाही. कॉल सेंटरमधलं यंत्र एकाच वेळी अनेक नंबर फिरवतं, आणि जो उचलतो त्याला मोकळ्या असलेल्या माणसाशी जोडून देतं. कुणीच मोकळं नसेल तर आपल्याला शांतता ऐकू येते आणि कॉल तुटतो. आपण ‘हॅलो, हॅलो’ करत राहिलो की हा नंबर चालू आहे आणि दुपारी उचलला जातो, एवढी माहिती त्यांना मिळते. म्हणून दोन सेकंद थांबा आणि ठेवा. एकाच नंबरवरून रात्री-बेरात्री असे मुके फोन येत असतील, तर ती वेगळी गोष्ट. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

माझा नंबर यांना मिळतो कुठून?

बऱ्याचदा आपणच दिलेला असतो. मॉलमधल्या गाडीच्या लकी ड्रॉचं कूपन, प्रदर्शनात भरलेला फॉर्म, ऑफिसच्या इमारतीखालचं व्हिजिटर रजिस्टर. त्या रजिस्टरमध्ये तर आपल्या आधीच्या वीस जणांची नावं आणि नंबर कुणालाही वाचता येतात. घर शोधणाऱ्या मंडळींना याचा सगळ्यांत जास्त त्रास होतो. ठाण्यातला एक वनबीएचके बघायला म्हणून एखाद्या साइटवर नंबर टाकला, की बदलापूरपासून वसईपर्यंतच्या एजंटांचे फोन महिनोन्‌महिने येत राहतात. घर घेऊन, राहायला जाऊन, गणपती बसवून झाला तरी येतात.

दुकानात बिल करताना ‘मोबाइल नंबर सांगा’ म्हणतात. तो देणं सक्तीचं नाही. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना तशी स्पष्ट सूचना दिलेली आहे. ‘नंबर देत नाही, बिल छापून द्या’ म्हणायला कचरू नका. मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसालाही त्याने धीर येतो.

शक्य असेल त्यांनी दुसरं स्वस्त सिम ठेवावं: खरेदी, फॉर्म आणि घरशोधणीसाठी एक, बँक आणि घरच्यांसाठी दुसरं. बँकेला जोडलेला नंबर जितक्या कमी ठिकाणी जाईल तितकं बरं.

ट्रूकॉलरवर ‘मुंबई पोलीस’ असं नाव आलं. मग फोन खराच असणार ना?

नाही. असल्या अ‍ॅपवरचं नाव लोकांनी भरलेल्या माहितीतून येतं. कुणीही आपल्या नंबरला हवं ते नाव आणि फोटो लावू शकतो. ‘स्पॅम’ असं लाल अक्षरात आलं तर त्यावर विश्वास ठेवावा, पण प्रतिष्ठित नाव आलं म्हणून विश्वास ठेवू नये.

‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात.’ असा फोन आला तर?

हे उत्तर लांब आहे. घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

या फोनची चाल ठरलेली असते. आधी कुरिअर कंपनीचा किंवा ‘ट्राय’चा माणूस बोलतो: तुमच्या आधारवर पार्सल पाठवलं गेलंय, किंवा तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार, ९ दाबा. मग तो फोन ‘पोलिसांकडे’ जोडून देतो. देशात कुठेही राहणाऱ्या माणसाला हे लोक अनेकदा मुंबई पोलीस म्हणूनच सांगतात, कधी अंधेरी, कधी कुलाबा, कधी सीबीआय. त्यानंतर व्हिडिओ कॉल. गणवेशातला माणूस, मागे बोधचिन्ह, शिक्क्याचं पत्र, कधी खोटं न्यायालयसुद्धा. शेवटी ‘तपासणीसाठी’ पैसे एका खात्यात भरा, निर्दोष ठरलात की परत मिळतील. आणि या सगळ्यात एक अट असते: कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कुणालाही सांगायचं नाही.

डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार भारतीय कायद्यात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्येही हेच सांगितलं होतं. कुठलाही पोलीस, सीबीआय किंवा न्यायाधीश व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, जबाबासाठी खोलीत डांबून ठेवत नाही आणि पैसे भरायला तर कधीच सांगत नाही. चौकशीला हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवरून बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. ट्राय कुणाचा नंबर तोडण्यासाठी फोन करत नाही.

‘कुणाला सांगू नका’ हे वाक्य ऐकलं की लगेच सांगा. फोन ठेवा, शेजारची बेल वाजवा, वॉचमनला हाक मारा, मुलीला फोन लावा. अडकलेल्या बहुतेकांची सुटका झाली ती असं कुणीतरी तिसरं माणूस मध्ये आल्यावर. शिकलेली, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेली माणसंही यात फसली आहेत, त्यामुळे ‘मला काही होणार नाही’ असं गृहीत धरू नका. फोन ठेवल्यावरही धाकधूक राहिली, तर जवळच्या पोलीस ठाण्यात चालत जा. ते तुमचं खरं पोलीस ठाणं आहे, तिथे जायची भीती बाळगू नका.

‘आज रात्री साडेनऊला लाइट कापणार’ असा मेसेज आला.

बेस्ट, अदानी, टाटा पॉवर, महावितरण, तुमची वीज यांपैकी कुणाचीही असो, वैयक्तिक मोबाइलवरून असा मेसेज पाठवून ‘या अधिकाऱ्याला फोन करा’ म्हणणारा भामटाच असतो. जुनं कागदी बिल काढा, त्यावरच्या ग्राहक सेवेला फोन लावा, बाकी आहे का विचारा. पाइप गॅसचं बिल, निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला, वाहतुकीचं ई-चलान, बँकेचं केवायसी या निमित्तांनीही असेच फोन येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) उघडायची नाही आणि कुणी सांगितलं म्हणून स्क्रीन शेअर करायची नाही. त्यात तुमचे ओटीपी त्यांना बसल्या जागी दिसतात.

आई-बाबा दिवसभर घरी एकटे असतात. त्यांच्यासाठी काय करू?

त्यांना दहा नियम पाठ करायला लावू नका, रागावूही नका. रागावलात की पुढच्या वेळी ते तुमच्यापासून लपवतील, आणि भामट्याला तेच हवं असतं. एकच वाक्य द्या: ‘माझा मुलगा हे बघतो, त्याच्याशी बोलून सांगते.’ हे त्यांना सहज म्हणता येतं आणि त्यांचा मानही राहतो. ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ लावा. त्याखाली तुमचा नंबर, शेजाऱ्यांचा नंबर आणि १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

जुना लँडलाइन असेल तर त्यालाही तोच कागद, कारण तिथे कुणाचा नंबर आहे हे बऱ्याचदा दिसतच नाही. घरात एक खुणेचा शब्द ठरवा. आता आवाजाची नक्कल करता येते, आणि ‘आजी, माझा अपघात झालाय, पैसे पाठव’ असा नातवाच्या आवाजात फोन येऊ शकतो. खुणेचा शब्द विचारायचा, किंवा फोन ठेवून नातवाच्या नेहमीच्या नंबरवर लावायचा. त्यांच्या खात्यातून एका दिवसात किती रक्कम जाऊ शकते, ती मर्यादाही बँकेत सांगून कमी करून ठेवा.

मुंबई पोलिसांची १०३ ही हेल्पलाइन ज्येष्ठ, महिला आणि मुलांसाठी आहे. ज्येष्ठांसाठी देशभर चालणारी १४५६७ ही हेल्पलाइनही आहे.

परदेशी नंबरचा मिस्ड कॉल आला. परत लावू का?

नको. अशा मिस्ड कॉलमागे बऱ्याचदा महागडा परत कॉल लावून घेण्याचा डाव असतो. नातेवाईक परदेशात असतील तर त्यांना मेसेज करून विचारा.

कर्ज मी घेतलंच नाही, तरी वसुलीवाले मला फोन करतात.

दोन शक्यता असतात. एक, तुमचा नंबर आधी दुसऱ्या कुणाचा तरी होता. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर नव्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, आणि जुन्या मालकाची देणी त्यासोबत फोनवर येतात. दुसरी, कुणा ओळखीच्याने कर्ज घेताना तुमचा नंबर दिला. दोन्ही वेळी एकदाच शांतपणे सांगा: ‘ही व्यक्ती या नंबरवर नाही, तुमच्या बँकेचं नाव आणि तुमचं नाव सांगा.’ ते लिहून ठेवा आणि बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. तीस दिवसांत समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, ती मोफत आहे.

कर्ज खरोखर तुमचं असलं, हप्ते थकले असले, तरी छळ सहन करायचा नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या सूचनेप्रमाणे वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. धमक्या देणं, नातेवाइकांना आणि मित्रांना फोन करून बदनामी करणं यालाही मनाई आहे. देणं लागतो म्हणून कुणाची लाज काढायचा परवाना मिळत नाही.

एक माणूस रोज फोन करून घाणेरडं बोलतो. राहायला कल्याण, नोकरी फोर्टला. तक्रार कुठे करू?

कुठल्याही पोलीस ठाण्यात. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार हद्दीचं कारण देऊन तक्रार नाकारता येत नाही. ती नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवावी लागते. फोर्टला ऑफिसजवळ सोयीचं असेल तर तिथे द्या.

जाण्याआधी एक करा. त्या नंबरवर एकदाच स्पष्ट मेसेज पाठवा: ‘मला पुन्हा फोन किंवा मेसेज करू नका.’ बाईने स्पष्ट नकार दिल्यानंतरही पुरुष वारंवार संपर्क साधत राहिला, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा ठरतो. अश्लील बोलण्यासाठी कलम ७९ आहे. नाव लपवून धमकी देणाऱ्यासाठी कलम ३५१ मध्ये जादा शिक्षा आहे, आणि ते कलम पुरुष तक्रारदारालाही लागू आहे. मेसेज पाठवल्यावर उत्तर देणं बंद करा. यादी पुसू नका, स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ वहीत लिहा, कॉल रेकॉर्ड करता येत असेल तर करा. नंबर कुणाच्या नावावर आहे हे मोबाइल कंपनी तुम्हाला सांगणार नाही, पोलिसांना सांगते. लगेच धोका वाटत असेल तर ११२.

नंबर बदलायचा सल्ला तुम्हाला खूपजण देतील. तो तुमचा निर्णय आहे, पण चूक तुमची नाही, हे कुणी म्हणालं नसेल तर मी म्हणते.

‘पार्सल मिळत नाहीये, हा कोड डायल करा’ म्हणाले आणि मी केला. आता?

तारांकन, ४०१, पुन्हा तारांकन आणि एखादा मोबाइल नंबर असा तो कोड असेल, तर तुमचे कॉल दुसरीकडे वळवले गेले असण्याची शक्यता आहे. म्हणजे बँकेचा फोनवरून येणारा ओटीपीही तिकडे जाईल. ##००२# डायल करा, वळवलेले सगळे कॉल रद्द होतात. मग *#२१# डायल करून खात्री करून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप पिन लावा आणि बँकेला कळवा.

पैसे गेले. आधी काय करू?

आधी १९३०. घरच्यांना कसं सांगू, हा विचार नंतर. पैसे चोराच्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत असतात, आणि तक्रार लवकर आली तर बँका ते वाटेत अडवू शकतात. फोनवर व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँकेचं नाव विचारतील, मेसेज उघडून तयार ठेवा. १९३० लागत नसेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरा. त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या माणसाने बँकेला फोन लावून कार्ड, यूपीआय आणि नेटबँकिंग बंद करून घ्यावं.

ओटीपी तुम्ही स्वतः सांगितला असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. तुमचा आणि बँकेचा, दोघांचाही दोष नसेल आणि कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं असेल, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. म्हणून कळवल्याची वेळ लेखी घ्या.

पैसे गेले नाहीत, फक्त संशयास्पद फोन आला. तोही कुठे कळवायचा का?

हो. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर किंवा अ‍ॅपवर ‘चक्षू’ नावाचा विभाग आहे, तो मार्च २०२४ पासून सुरू आहे. फसवणुकीच्या प्रयत्नाचा फोन, मेसेज, व्हॉट्सअ‍ॅप कॉल तिथे स्क्रीनशॉटसह कळवता येतो. तिथेच तुमच्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत हेही बघा. महाराष्ट्रात एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत सिम असू शकतात. झेरॉक्सच्या दुकानात राहिलेल्या आधारच्या प्रतीवर कुणीतरी दहिसरला सिम घेतलेलं असतं आणि आपल्याला पत्ता नसतो. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर त्यासमोर ‘हा माझा नंबर नाही’ हा पर्याय निवडा आणि मिळालेला संदर्भ क्रमांक लिहून ठेवा.